सीझन संपला की हाताला सुट्टी: बेसबॉल-सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

पालकहो,

फेब्रुवारी ते जूनच्या आमच्या सराववर्गाला नाव घालण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे नंतर काउंटरवर वाद नको. तुमचा मुलगा किंवा मुलगी पिचर (बॅटरला बॉल टाकणारा खेळाडू) असेल, तर फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल असे तीन महिने आमच्याकडे पिचिंग करायला मिळणार नाही. साधा थ्रोसुद्धा नाही. फी मात्र भरावी लागेल. "फेकायचंच नाही, तर पैसे कशाचे?" असं दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

हात दमतो, पण बोलत नाही

आपल्याकडे शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. आधी जिल्हा, मग संभाग (म्हणजे विभाग), मग राज्य, आणि निवड झालीच तर राष्ट्रीय. शाळेच्या टीममध्ये भरवशाचा पिचर बहुधा एकच असतो, त्यामुळे प्रत्येक मॅच त्याच्याच गळ्यात पडते. स्पर्धेच्या ठिकाणी तर सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन-दोन मॅच होतात. जानेवारी येईपर्यंत त्या हातानं किती बॉल टाकले, याचा हिशेब कोणाकडेच नसतो. शाळेकडे नसतो आणि घरीही नसतो.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड तिथूनच वाढतं. मोठ्या माणसाच्या कोपरात जोराच्या थ्रोचा ताण आतल्या बाजूच्या लिगामेंटवर (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यावर) येतो. मुलांमध्ये ते लिगामेंट या कूर्चेपेक्षा मजबूत असतं, त्यामुळे आधी कूर्चाच दुखावते. कोपराच्या या दुखण्याला 'लिटल लीग एल्बो' म्हणतात, आणि असंच खांद्यालाही होतं. वेळेवर थांबलं तर बहुतेक वेळा विश्रांतीनंच बरं होतं. पण बाम चोळून, पट्टी गुंडाळून पुढची मॅच खेळवली की मामला लांबतो. कोपराच्या आतल्या बाजूला दाबल्यावर दुखतंय, हात पूर्ण सरळ होत नाही किंवा थ्रो अचानक आखूड पडायला लागलाय, असं काही दिसलं तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आमच्याकडे त्यानंतर या. डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय अशा मुलाला आम्ही मैदानावर घेत नाही.

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल ही व्यावसायिक लीग आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी २०१४ मध्ये 'पिच स्मार्ट' नावाचे नियम काढले. त्यांत वयाप्रमाणे एका दिवसाची मर्यादा दिली आहे: ९-१० वर्षांना ७५ पिच (म्हणजे पिचरनं टाकलेले बॉल), ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५ आणि १७-१८ ला १०५. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं एका दिवसात ६६ किंवा त्याहून जास्त पिच टाकले, तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. आपल्या स्पर्धांचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा आणि यातलं किती पाळलं जातं ते तुम्हीच ठरवा. त्याच नियमांत असंही म्हटलंय की शाळकरी वयाच्या पिचरनं वर्षातले किमान चार महिने थ्रो बंद ठेवावा आणि त्यातले दोन-तीन महिने सलग असावेत. आमचे फेब्रुवारी ते एप्रिल हे तिथून आले आहेत. चौथा महिना माळव्याचा पाऊस आणि काळी माती मिळून आपोआप देतात, कारण जुलैत मैदानावर बूट काढायलाच दोन माणसं लागतात.

"सॉफ्टबॉलचं पिचिंग खालून असतं, त्यात हाताला काय होणार?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. विंडमिल पिचिंगमध्ये हात पूर्ण गोल फिरतो, आणि खांद्यावर व दंडाच्या पुढच्या स्नायूवर येणारा ताण वरून फेकणाऱ्यापेक्षा फारसा कमी नसतो. मागच्या वर्षी एका बाबांनी आम्हाला जपानच्या युकिको उएनोचं उदाहरण दिलं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिनं दोन दिवसांत तीन मॅचमध्ये ४१३ पिच टाकले आणि जपानला सुवर्णपदक मिळवून दिलं. खरं आहे. पण तेव्हा ती २६ वर्षांची होती, हाडं पूर्ण भरलेली होती आणि समोर ऑलिंपिकची फायनल होती. सातवीतल्या मुलीनं संभागाच्या मॅचसाठी तसं करायचं कारण नाही.

कॉलनीतलं क्रिकेटही मोजा

इथे आमची खरी अडचण होते. सकाळी मुलगा आमच्याकडे हाताला विश्रांती देतो आणि संध्याकाळी घरासमोरच्या गल्लीत अंधार पडेपर्यंत फास्ट बॉलिंग टाकतो. सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींच्या इंदूरमध्ये क्रिकेट खेळू नको असं कोणाला सांगणार? खेळू द्या, पण या तीन महिन्यांत बॅटिंग करा, विकेटकीपिंग करा, फार तर स्पिन टाका. बाउंड्रीवरून जोराचे थ्रो नकोत. भालाफेकही नको. पोहायला जरूर पाठवा, फक्त फ्रीस्टाइलचे लांबलचक पल्ले रोज नकोत. खो-खो, फुटबॉल, सायकल यांना आमची काहीच हरकत नाही, उलट आग्रह आहे. बारा महिने एकच खेळ खेळणाऱ्या मुलापेक्षा दोन-तीन खेळ खेळणारं मूल मैदानावर जास्त चपळ असतं, हा आमचा अनुभव. मल्लखांब करणाऱ्या मुलांची पकड तर अशी असते की बॅट हातातून सुटणं त्यांना माहीतच नसतं. (मल्लखांब २०१३ पासून मध्य प्रदेशचा राज्यखेळ आहे, त्यामुळे शिकवणारे शोधायला फार लांब जावं लागत नाही.)

मग तीन महिने करतो काय?

थ्रोचा जोर दंडातून येत नाही. तो पायांतून निघतो, कमरेतून वर चढतो आणि शेवटी हातात पोचतो. पाय आणि कंबर कच्ची असली की सगळा भार कोपर आणि खांदा उचलतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यातून दोन दिवस बैठका, लंजेस, प्लँक, एका पायावर तोल सांभाळणं, मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड बॉल) दोन्ही हातांनी कमरेतून फिरवून भिंतीवर मारणं आणि खांद्याच्या मागच्या छोट्या स्नायूंसाठी रबर बँड, एवढं चालतं. बँडचा व्यायाम बघायला अगदी किरकोळ वाटतो. दारात उभ्या असलेल्या आज्या एकमेकींकडे बघून हसतात. पण फेकल्यानंतर हाताला ब्रेक लावायचं काम हेच स्नायू करतात. वजन उचलल्यानं उंची खुंटते, असंही पुष्कळ जण म्हणतात. देखरेखीखाली, बेतानं केलेल्या व्यायामानं तसं काही होत नाही.

बॅटिंगला मात्र सुट्टी नाही. क्रिकेटमधून आलेल्या मुलांचं सगळ्यात जास्त काम इथेच असतं. ती मुलं बॅट खाली धरून उभी राहतात, पुढे पाऊल टाकतात आणि सरळ बॅटनं ड्राइव्ह करायला जातात. इथे बॉल टप्पा न पडता येतो. सॉफ्टबॉलमध्ये मुलींच्या सीनिअर गटात पिचरचं अंतर १३.११ मीटर असतं, आणि ताशी ९० किलोमीटरनं आलेला बॉल ते साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. विचार करायला वेळच नसतो, म्हणून हालचाल अंगात मुरलेली लागते.

ती मुरवायची जागा म्हणजे टी, रबरी दांड्यावर ठेवलेला बॉल. पालकांना वाटतं ही लहान मुलांची गोष्ट आहे, पण मोठे खेळाडूही रोज टीवर मारतात. आमच्याकडे टी होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो तिथल्या पांढऱ्या पाटाच्या) मधोमध ठेवत नाहीत. आधी ती पुढच्या पायाच्या रेषेत ठेवतात, मग अंगाजवळच्या बॉलसाठी थोडी पुढे आणि बाहेरच्या बॉलसाठी थोडी मागे सरकवतात. बॅटरच्या मागे एक दुसरी, रिकामी टी उभी असते. स्विंग सुरू होताना बॅट मागे घसरून लांबून फिरून आली, की ती टी आडवी होते. प्रशिक्षकाला बोलावंच लागत नाही, पडलेली टी उचलताना मुलाला कळतं. कंबर आधी फिरली आणि हात मागून आले, तर जाळीत बॉल सरळ रेषेत जातो आणि आवाजही वेगळा येतो. पहिल्या आठवड्यात तो आवाज क्वचितच ऐकू येतो. मार्चअखेर हॉलमध्ये दुसरं काही ऐकूच येत नाही.

याशिवाय जमिनीवरचे बॉल उचलणं, बेसवर पळताना वळण घेणं आणि मॅटवर स्लाइड (घसरत बेस गाठणं) शिकणं. स्लाइडला जुनी जाड पँट आणा. नवीन ट्रॅकसूट फाटला तर आम्ही जबाबदार नाही.

पिचर सोडून बाकीच्यांचे थ्रो एप्रिलमध्ये सुरू होतात, पिचरचे मेमध्ये. पद्धत एकच: एक दिवस थ्रो, एक दिवस सुट्टी. पहिल्या आठवड्यात १०-१२ मीटरवरून हलक्या हातानं पंचवीसेक थ्रो, मग दर आठवड्याला पाच-सहा मीटर वाढ. तीस मीटरच्या आसपास बॉल न वाकता, न दुखता जायला लागला, की सपाट जमिनीवर पिचिंग आणि त्यानंतर बेसबॉलवाल्यांना माउंड (पिचरचा मातीचा उंचवटा). एखाद्या दिवशी दुखलं तर पुढचा टप्पा नाही, मागच्याच टप्प्यावर परत. मुलं यावर फार कुरकुरतात. घरी येऊन "सर फेकूच देत नाहीत" म्हणाली, तर कृपया आमची बाजू घ्या.

ग्लव्ह आणि बॅट घेताना

उजव्या हातानं फेकणाऱ्याचा ग्लव्ह डाव्या हातात येतो. सांगायला साधी गोष्ट, पण चुकीच्या हाताचा ग्लव्ह घेऊन आलेले पालक दरवर्षी असतात, कारण दुकानदारानं "मुलगा राइटी आहे ना?" विचारून उजव्या हाताचा दिलेला असतो. बेसबॉलचा बॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या बॉलपेक्षाही थोडा हलका. सॉफ्टबॉल १७७ ते १९८ ग्रॅमचा, आणि त्याचा घेर १२ इंच. नाव 'सॉफ्ट' असलं तरी तो मऊ नसतो, लागला की कळतं. त्यामुळे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला बेसबॉलसाठी ११ इंचांच्या आसपासचा ग्लव्ह पुरतो, सॉफ्टबॉलला १२ इंचांचा बघा. मेरठ-जालंधरचे ग्लव्ह शिकण्यासाठी चांगले असतात. पहिल्या वर्षी परदेशी ग्लव्हवर पैसे घालवू नका, हात वाढतो आहे.

नवा ग्लव्ह कडक असतो. थोडं तेल किंवा व्हॅसलीन चोळून, खोबणीत बॉल ठेवून, जुन्या नाडीनं घट्ट बांधून रात्रभर ठेवा. लवकर मऊ व्हावा म्हणून गच्चीवर उन्हात ठेवू नका, मे महिन्यात आपल्याकडे चामड्याला भेगा पडतात.

बॅट साधी अॅल्युमिनियमची चालेल. मुलाला ती एका हातात, खांद्याच्या उंचीवर, बाजूला आडवी धरायला सांगा. वीस सेकंदांच्या आत हात थरथरून खाली आला तर बॅट जड आहे. "पुढच्या वर्षी पण चालेल" म्हणून मोठी बॅट घेतली की स्विंग बिघडतो, आणि तो सुधारायला आमचा वेळ आणि तुमची फी जाते. हेल्मेट आणि कॅचरचं सामान केंद्राचं आहे. मुलांनी स्वतःचं गार्ड आणावं.

"याला पुढे काय?"

बेसबॉल १९९२ पासून आणि सॉफ्टबॉल १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये होते. २००८ नंतर दोन्ही बाहेर गेले, टोकियोत परत आले, पॅरिसला नव्हते आणि लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये पुन्हा आहेत. आपल्याकडे शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांत दोन्ही खेळ आहेत. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या संघानं करारबद्ध केलं होतं, हेही खरं. पण स्पोर्ट्स कोटा, नोकरी, परदेश यांतल्या कशाचंही आश्वासन आम्ही देत नाही. देणारे भेटतील, त्यांच्याकडून लेखी घ्या.

वेळा आणि इतर

फेब्रुवारी-मार्च: मंगळवार व शुक्रवार, संध्याकाळी ५ ते ६.३०. एप्रिल: सोमवार, बुधवार, शुक्रवार, त्याच वेळी. मे ते १५ जून: सोमवार ते शुक्रवार, सकाळी ६ ते ८. आठनंतर ऊन असह्य होतं, त्यामुळे उशिरा आलेल्यांसाठी वेळ वाढत नाही. घरून पाण्याची मोठी बाटली आणि मे महिन्यात सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्या. सरावाआधी केळं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ पुरे. पोहे-जलेबी सरावानंतर, पोटभर. आधी खाऊन आलेलं मूल पळताना लगेच ओळखू येतं.

वय ९ ते १८, मुलं-मुली दोन्ही. नाव घालताना जन्मदाखल्याची प्रत आणि दोन फोटो लागतील. मैदानावर सगळं हिंदीतच चालतं, पण तुमच्याशी मराठीत बोलायला आमच्याकडे कायम कोणीतरी असतं, आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी हेच पत्रक हिंदीत काउंटरवर ठेवलं आहे. महिन्याची फी तिथल्याच बोर्डावर लिहिली आहे. दहावी-बारावीच्या मुलांनी परीक्षा संपवून एप्रिलमध्ये यावं, त्यांच्याकडून आधीच्या दोन महिन्यांची फी घेत नाही.