इटॅलिक (सेरिफ मुद्राक्षर)

लेखणीच्या धावत्या हातावरून बेतलेले, उजवीकडे कललेले रोमन मुद्राक्षर. व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुशियस यांच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफो यांनी ते कोरले आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची छोटेखानी आवृत्ती त्यात छापली गेली. त्या आवृत्तीतली कॅपिटल अक्षरे मात्र उभीच होती. आज ‘गारामाँ’ नावाने मिळणाऱ्या अनेक फाँटांतले इटॅलिक मुळात रोबेर ग्रांजाँ यांच्या अक्षरांवर आधारलेले आहे.

कल हे इटॅलिकचे लक्षण खरे, पण खरा फरक घडणीत असतो. दुमजली ‘ए’ एकमजली होतो, ‘एफ’ची शेपटी रेषेखाली उतरते, पायाच्या आडव्या सेरिफांच्या, म्हणजे रेषेच्या टोकाला असलेल्या छोट्या पट्ट्यांच्या, जागी लेखणी उचलल्यासारखे आकडे येतात आणि अक्षर अरुंद होते. उभे अक्षर नुसते तिरपे केले तर त्याला ओब्लिक म्हणतात; त्यात गोलाईची जाडी भलत्या जागी सरकते.

धातूच्या खिळ्यात ‘एफ’चे टोक अंगाबाहेर लोंबत असे आणि शेजारच्या उंच अक्षराला अडून तुटत असे, त्यावर एफ-आय, एफ-एल असे जोडखिळे ओतून तोड काढली गेली. संगणकावर तुटायला काही नाही, पण कललेल्या ‘एफ’पुढे उभा कंस आला की दोन्ही अजूनही खेटतात. तिथली फट हाताने किंचित वाढवावी लागते.

इंग्रजीत ग्रंथनामे, जहाजांची नावे, परभाषेतले शब्द आणि प्रजाती-जातींची शास्त्रीय नावे इटॅलिकमध्ये देतात. त्यावरच्या कुळाचे (फॅमिलीचे) नाव उभेच राहते. वडोदऱ्यात १९१६ पासून मुख्यतः संस्कृत ग्रंथांची गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघाली. अशा प्रकाशनांच्या इंग्रजी मजकुरात संस्कृत शब्द बसवताना दीर्घत्वाची रेघ आणि अक्षराखालचा टिंब लागतो. फाँटात ही चिन्हे नसली की तेवढे अक्षर दुसऱ्या फाँटातून उचलले जाते आणि कललेल्या शब्दात ते उपरे दिसते. मजकूर लावण्याआधीच सगळी चिन्हे टाइप करून पाहावीत.

मराठी, गुजराती आणि इंग्रजी शेजारी छापणाऱ्या वडोदऱ्यात खरी फसगत तिरप्या देवनागरीची होते. ‘आय’चे बटण दाबले की काना कलतो, शिरोरेघ आडवीच राहते, बोरूने ठरवलेली जाडबारीक बिघडते आणि शेवटच्या अक्षराची वेलांटी पुढच्या उभ्या मजकुरात घुसते. मराठीचा धावता हात म्हणजे मोडी. गायकवाडी दप्तरात ती भरपूर सापडते, पण देवनागरीच्या ओळीत जोर देण्यासाठी ती मिसळण्याची रीत पडली नाही. त्यामुळे मराठीत जोर द्यायला ठळक अक्षर आणि ग्रंथनामाला एकेरी अवतरणचिन्ह पुरते.

लग्नपत्रिकेच्या इंग्रजी बाजूला इटॅलिक शोभते, फक्त वधूवरांची नावे सगळीच्या सगळी वळणदार कॅपिटलमध्ये लावू नयेत. ती वाचताच येत नाहीत. गडद लालावर पांढरी अक्षरे सोडली तर बारीक रेषांत शाई भरते, तेव्हा आकार वाढवावा किंवा जाड वजनाचा फाँट घ्यावा.