'जाऊलालो'ची वंशावळ

लातूर-नांदेडकडे "कुठं चाललास?" याला "बाजारात जाऊलालो" असं उत्तर मिळतं. मास्तर ते अशुद्ध म्हणून खोडतात. पण प्रमाण मराठीतलं 'जातोय' तरी काय, 'जातो आहे' झिजूनच आलं. 'जाऊलालो'चं मूळ 'जाऊ लागलो'. 'लागणे' म्हणजे चिकटणे. संस्कृत 'लग्न', प्राकृत 'लग्ग'. दुसऱ्या क्रियापदाशी जोडी जमल्यावर चिकटण्याचा अर्थ सुटला, क्रिया सुरू होण्याचा तेवढा राहिला. मग 'ग' गळाला, 'लागलो'चं 'लालो' होऊन ते आधीच्या शब्दाला जडलं. शेवटी सुरू होण्याचा अर्थही गेला: निम्मी वाट तुडवलेला माणूसही 'जाऊलालो'च म्हणतो.

'पाहिजे'ची कथा याहून जुनी. संस्कृत कर्मणीतल्या '-यते'चं प्राकृतात '-इज्जइ' झालं आणि जुन्या मराठीत '-इजे'. ज्ञानेश्वरीत 'कीजे', 'दीजे', 'बोलिजे' अशी रूपं जागोजाग आहेत. 'पाहिजे' म्हणजे 'पाहिले जाते', त्यावरून 'हवे असते'. पुढे 'केले जाते' ही नवी रचना रुळली आणि '-इजे' मोडीत निघाला. सतत तोंडात असलेली 'पाहिजे' आणि 'म्हणजे' (मूळ 'म्हणिजे') एवढी दोन मात्र टिकली. बोलणाऱ्यांना त्यातला कर्मणी प्रत्यय दिसेना, म्हणून त्यांनी 'पाहिजे'ला साध्या क्रियापदासारखं वागवलं: अनेकवचनी 'पाहिजेत', बोलीत 'पाहिजेल'. नियमाला धरून केलेली चूक रुळली की तिचाच नियम होतो.

'म्हणे' हा मुळात साधा वर्तमानकाळ, प्राकृत 'भणइ'. 'नामा म्हणे' म्हणजे नामा म्हणतो. पुढे 'म्हणतो' वर्तमानात आला आणि जुनं रूप मागं सरकलं: 'तो रोज येई' हा आता रीतिभूतकाळ. "पाऊस झाला म्हणे" यात तर म्हणणारा कोणी उरलाच नाही, नुसती ऐकीव बातमी. परभणी-हिंगोलीकडचं 'कामून' हेही 'का म्हणून'च. 'म्हणून'चं हे जोडण्याचं काम दखनी उर्दूत 'बोलके' करतं. तेलुगू-कन्नडमध्येही 'म्हणणे'च्या रूपांवर अशी जोडणी होते. सीमेवरच्या देगलूर-उमरग्याला त्याचं नवल नाही.

हे सगळं पोथ्यांवरून ठरवताना मोठी अडचण त्या हातानं उतरवून घेणाऱ्या नकलकारांची. समोरचं जुनं रूप ते नकळत स्वतःच्या जिभेवरच्या रूपानं बदलतात. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच पाठभेदांमुळे. त्यामुळे एका पोथीतल्या एका रूपावरून काळ ठरवू नये. ओवीच्या यमकात आलेलं रूप जास्त भरवशाचं, कारण ते बदललं तर यमकच मोडतं.