नळाला चिकटलेला दगड आणि पळून गेलेला गॅस

परवा एक व्हिडिओ बघितला. नळावर आधी खायचा सोडा भुरभुरवला, वरून व्हिनेगर ओतलं, भसाभस फेस आला आणि पुढच्या शॉटमध्ये नळ एकदम चकाचक. असे व्हिडिओ ढीगभर आहेत आणि लोक ते मनापासून करून बघतात, म्हणूनच हे लिहायला घेतलं, कारण त्या फेसात नळ साफ करू शकणारी जी एकमेव गोष्ट होती तीच खर्ची पडत होती.

व्हिनेगर म्हणजे पाण्यात साधारण ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. सोडा त्याच्या उलट स्वभावाचा. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइडचा फेस उडतो आणि मागे राहतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, ज्याला नळावरच्या थराशी काही देणंघेणं नाही. हिशोबच करा ना, १५ मिली व्हिनेगरमध्ये जेमतेम पाऊण ग्रॅम अ‍ॅसिड असतं आणि ते पूर्ण संपवायला १ ग्रॅमच्या आसपास सोडा पुरतो, म्हणजे छोट्या चमच्याचा पाव भाग. व्हिडिओत तर मूठभर टाकतात. फेस दिसतो म्हणून काम होतंय असं वाटतं एवढंच.

आता मुळात तो पांढरा थर काय आहे ते बघू. कुणी त्याला क्षार म्हणतं, कुणी चुना, कुणी सरळ 'नळ गंजला' म्हणतं. गंज तर तो अजिबात नाही. तो मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट आहे, म्हणजे ज्याचा चुनखडीचा डोंगर असतो, शिंपला असतो, संगमरवर असतो तेच. तुमच्या नळाला अक्षरशः दगड चिकटलाय.

पण दगड पाण्यातून आला कसा? इथे मला खरी गंमत वाटते. स्वच्छ पाण्यात, म्हणजे ज्यात गॅस वगैरे काही विरघळलेलं नाही अशा पाण्यात, कॅल्शिअम कार्बोनेट लिटरमागे कसंबसं १४ मिलिग्रॅम विरघळतं. आणि जड पाण्यात, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे कठीण झालेल्या पाण्यात, लिटरमागे ३०० मिलिग्रॅम असणं काही विशेष नाही (१८० च्या वर गेलं की 'अतिशय कठीण' म्हणायची पद्धत आहे). मग हा वीस पट माल पाण्याने उचलला कसा?

उत्तर आहे कार्बन डायऑक्साइड. पावसाचं पाणी मातीत मुरतं. मातीत मुळं आणि जिवाणू सतत श्वास घेत असतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत हा गॅस बाहेरच्या हवेपेक्षा दहा पट, कधी शंभर पटसुद्धा असतो. विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये दाखवून दिलं की पाण्यावर एखाद्या गॅसचा जेवढा दाब, त्या प्रमाणात तो पाण्यात विरघळतो. म्हणजे मातीतून खाली जाणारं पाणी हळूहळू सौम्य सोडावॉटर होतं, त्यात कार्बोनिक अ‍ॅसिड तयार होतं आणि ते पाणी खालच्या चुनखडकाला लागलं की दगडातल्या कार्बोनेटला एक हायड्रोजन चिकटून त्याचं बायकार्बोनेट होतं. कॅल्शिअम बायकार्बोनेट पाण्यात मजेत विरघळून राहतं. शाळेत 'तात्पुरता कठीणपणा' असा शब्द पाठ केला होता तो हाच.

आता हे पाणी वर येतं आणि नळातून बाहेर पडतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के. झाकण उघडलेल्या सोड्याच्या बाटलीतून गॅस निघतो तसाच इथेही निघायला लागतो, फक्त इतका हळू की बुडबुडे दिसत नाहीत. आणि ही रासायनिक क्रिया दोन्ही दिशांनी चालणारी आहे: गॅस, पाणी आणि दगड मिळून बायकार्बोनेट, किंवा बायकार्बोनेट मोडून पुन्हा गॅस, पाणी आणि दगड. एका बाजूचा गॅस सतत काढून घेतलात तर क्रिया त्याच बाजूला सरकत राहते, ती कमतरता भरून काढायला. दोन बायकार्बोनेट आयन एकत्र येतात, एकाचा हायड्रोजन दुसऱ्याकडे जातो, ज्याला मिळाला तो कार्बोनिक अ‍ॅसिड होऊन शेवटी गॅस म्हणून उडून जातो, ज्याचा गेला तो कार्बोनेट होतो, आणि कार्बोनेट दिसला की कॅल्शिअम त्याला धरतो आणि दोघं स्फटिकात जाऊन बसतात. जरा किचकट आहे, पण एवढं लक्षात राहिलं तरी चालेल की गॅस हा दगडाला पाण्यात धरून ठेवणारा हात आहे, तो सुटला की दगड खाली पडतो. गुहेत छतावरून लोंबणारे लवणस्तंभ याच क्रियेने वाढतात, वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा अशा गतीने.

मग थर नळाच्या ओठावर आणि तोंडाच्या जाळीवरच जास्त का, हेही उलगडतं. जाळीचं कामच पाण्यात हवा मिसळणं, म्हणजे गॅस पळायला हजार वाटा. वर तिथे थेंब लटकून राहतो आणि वाळतो. गळका नळ असेल तर सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी त्या ओठावरून जातं, म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या हिशोबाने सव्वा ग्रॅम दगड रोज तिथून जातोय, त्यातला थोडासा चिकटला तरी महिन्याभरात पांढरी दाढी येते. गीझरमध्ये तर अजून वाईट, कारण गरम पाण्यात गॅसही टिकत नाही आणि कॅल्शिअम कार्बोनेटही, साखरेच्या अगदी उलट, तापवल्यावर कमी विरघळतं.

हा थर काढायचा म्हणजे तीच गोष्ट उलटी करायची. कार्बोनेटला पुन्हा हायड्रोजन द्यायचा. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड कार्बोनिक अ‍ॅसिडपेक्षा चाळीसेक पट तीव्र आहे, त्यामुळे पावसाला डोंगरात जे करायला युगं लागतात ते इथे तासाभरात होतं. पण हिशोब इथेही आहेच: १ ग्रॅम थर विरघळवायला १.२ ग्रॅम अ‍ॅसिड, म्हणजे २४ ग्रॅम व्हिनेगर लागतं. नुसतं फवारून पुसून टाकलं तर त्यातलं किती थराला भेटणार? म्हणून फडकं किंवा टिश्यू व्हिनेगरमध्ये पिळता येईल इतकं भिजवून नळाला गुंडाळायचं, किंवा छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून नळाचं तोंड त्यात बुडेल अशी रबरबँडने बांधायची. अर्धा-पाऊण तास. जाळी फिरवून निघत असेल तर काढून वाटीत बुडवायची, ती साफ झाली की पाण्याची धार बदललेली लगेच कळते. मग जुन्या टूथब्रशने हलकं घासून भरपूर पाण्याने धुवायचं. थर जाड असेल तर ताजं व्हिनेगर घेऊन पुन्हा करायचं. रात्रभर मात्र ठेवायचं नाही, कारण नळावरचा क्रोमचा मुलामा मायक्रोनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो, त्याला कुठे बारीक भोक पडलेलं असलं तर अ‍ॅसिड खालच्या निकेल-पितळेपर्यंत जातं. याच कारणासाठी तारेची घासणी नको. सोनेरी किंवा रंगीत मुलाम्याच्या नळावर आधी कोपऱ्यात करून बघा. आणि खाली संगमरवर असेल तर थेंब सांडू देऊ नका, तो दगड आणि हा थर एकच आहेत, अ‍ॅसिड फरक करत नाही.

सायट्रिक अ‍ॅसिडची पावडर किंवा लिंबूही चालतं, वास कमी. फक्त लोक ते उकळत्या पाण्यात घालतात ते करू नका: सायट्रिकपासून बनणारं कॅल्शिअम सायट्रेट पाण्यात मुळात कमीच विरघळतं आणि गरम पाण्यात अजून कमी, म्हणजे एक पांढरा थर काढून दुसरा बसवल्यासारखं होतं. कोमट पुरे.

फरशीचं अ‍ॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, नळावर अजिबात नको. थर क्षणात जातो हे खरं, पण मुलामाही त्याच्याबरोबर जातो. आणि कुठलंही अ‍ॅसिड, व्हिनेगरसुद्धा, ब्लीचबरोबर कधीच नाही, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

पाण्यात तुरटी फिरवून जडपणा जातो असं सांगणारे भेटतात. तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेलं कॅल्शिअम तसंच राहतं. पाइपला बांधायचे लोहचुंबकही जोरात विकले जातात. चुंबकाने पाण्यातलं कॅल्शिअम कमी होत नाही आणि थर बसण्यावर काही परिणाम होतो का याच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा 'क्षार नाहीसे करणारं यंत्र' असं छातीठोक लिहून पैसे घेणं ही फसवणूकच. 'हा थर बघा, असाच किडनीत बसतो' ही भीतीही तशीच. बहुतेक मुतखडे कॅल्शिअम ऑक्झलेटचे असतात, नळावरचं रसायन वेगळं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही पाण्याच्या कठीणपणाला आरोग्याच्या कारणाने कुठली मर्यादा घातलेली नाही.

याउलट खोटी वाटेल अशी एक खरी गोष्ट. १८४१ मध्ये अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी जड पाणी मऊ करायची रीत पेटंट केली आणि त्यात पाण्यात चुनाच घालायचा होता! मोजून घातलेली चुन्याची निवळी बायकार्बोनेटला धरून ठेवणारा गॅस खाऊन टाकते, आणि जुनं कॅल्शिअम नव्या कॅल्शिअमसकट तळाला बसतं. पुन्हा तोच हात सोडवायचा खेळ.

आणि एवढं करूनही एखादा डाग हलला नाही तर त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकून जवळून बघा. बारीक बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे, अजून वेळ द्या. काहीच आलं नाही तर तो जिप्सम किंवा सिलिका असण्याची शक्यता आहे, किंवा मुलामाच गेलाय, आणि तिथे कितीही व्हिनेगर ओतलं तरी उपयोग नाही.