लाइन गेल्यावर पूल का उघडत नाही? झेडएफएस दुरुस्तीची पार्श्वभूमी

कोराडी आणि चंद्रपूर वीज तयार करतात, तरी मृगाच्या तोंडावर वादळ सुटलं की आसपासच्या खेड्यांत लाइन एकदाच जात नाही. जाते, येते, पुन्हा जाते. फोटो स्टुडिओत किंवा सेवा केंद्रात झेडएफएस (फायली साठवण्याची एक यंत्रणा) वापरून डिस्क जोडून केलेला साठा, म्हणजे पूल, चालत असेल, तर एरवी तो हे निमूट सोसतो. कधीतरी मात्र उघडायलाच नकार देतो. त्याची कारणं जुनी आहेत.

1988 साली पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीची, मांडणी केली. रेड-5 मध्ये डेटा लिहून झाला आणि पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढण्यासाठीची नोंद) लिहायच्या आत वीज गेली, तर दोन्ही जुळत नाहीत, आणि खरं कोणतं हे कळायला मार्ग नसतो. उपाय म्हणून कंट्रोलर कार्डावर बॅटरी आली. ती महाग होती.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये 2001 साली जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अॅरेन्स यांनी झेडएफएस करताना वेगळी वाट धरली. जुन्या ब्लॉकवर कधी लिहायचंच नाही. नवं सगळं मोकळ्या जागी लिहून झालं की शेवटी मुळाची नोंद, म्हणजे उबरब्लॉक, बदलायची. मध्येच वीज गेली तर जुनं मूळ शाबूत असतं. या भरवशावर 2005 साली कोड खुला झाला, तेव्हा एफएससीकेसारखं दुरुस्तीचं साधन त्यात नव्हतंच.

भरवसा डिस्कवर होता, आणि तिथंच घात होतो. स्वस्त यूएसबी केसमधल्या काही चिप कॅश (डिस्कची तात्पुरती स्मृती) रिकामी करण्याचा आदेश गिळून ‘लिहिलं’ असं उत्तर देतात. मग नवा उबरब्लॉक डिस्कवर पोचतो, तो ज्यांच्याकडे बोट दाखवतो ते ब्लॉक मात्र कॅशसोबत जातात. अशा पुलासाठी बॅकअप हाच सरळ उपाय होता. 2009 मध्ये इम्पोर्टला, म्हणजे पूल उघडण्याच्या आदेशाला, जुन्या उबरब्लॉककडे मागे जाण्याचा पर्याय जोडला गेला. 2010 साली ओरॅकलने सन घेतली; खुला कोड 2013 पासून ओपनझेडएफएस नावाने पुढे चालला.

मागे किती जाता येतं? प्रत्येक डिस्कवर 256 केबीची 4 लेबलं (पुलाची माहिती ठेवायच्या जागा) असतात, 2 सुरुवातीला, 2 शेवटी. प्रत्येकात 128 केबी उबरब्लॉकसाठी. 4 केबी सेक्टर धरले तर 32 नोंदी; त्या भरल्या की सगळ्यात जुनीच्या जागी नवी बसते. साधारण दर 5 सेकंदांनी एक, म्हणजे सतत लिखाण चालू असेल तर तीन मिनिटांचाही इतिहास नाही. म्हणून ‘परत चालू करून बघू’ हा सल्ला सगळ्यात वाईट.

आधी केबल आणि स्मार्ट (डिस्कचा स्वतःच्या तब्येतीचा अहवाल) तपासा. डिस्क आवाज करत असेल तर तिची प्रत काढून प्रतीवरच काम करा. मग रीडओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरता, इम्पोर्ट. नाही जमलं तर इम्पोर्टच्या आदेशाला मोठ्या लिपीतला एफ, म्हणजे तो मागे जाण्याचा पर्याय, सोबत एन: काही न लिहिता जमेल का तेवढं सांगतो. छोटा एफ वेगळा. तो दुसऱ्या मशीनवर वापरात दिसणारा पूल जबरदस्तीने उघडतो, मागे नेत नाही. मोठा एफ रीडओन्लीसोबत चालतो, तेव्हा आधी तसं उघडून फायली बाहेर काढा. एक्स, म्हणजे आणखी मागे शोधणारा पर्याय, अगदी शेवटी. पूल लिहिण्यासाठी उघडला की लगेच स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणी.

बायोसमध्ये वीज आल्यावर मशीन बंदच राहील असं ठेवा, नाहीतर लाइनच्या प्रत्येक फेरीला ते पूल उघडू पाहील. इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर हवं. साध्या मोडवर बॅटरीकडे बदल व्हायला जितका वेळ लागतो, तितकं मशीनचं एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा भाग) तग धरेलच असं नाही.