रंग काचेवर की काचेमागे?

पिनबॉलच्या, म्हणजे काचेखाली पोलादी गोळी टोलवत खेळायच्या, यंत्रासमोर उभं राहिलं की नजर आधी वर जाते, उजळलेल्या चित्राकडे. ते चित्र ज्या काचेतून दिसतं तिला सरसकट ‘बॅकग्लास’ म्हणायची सवय मुरलेल्या खेळाडूंनाही असते. बोलताना ते खपून जातं. हातात ओलं फडकं असेल तेव्हा खपत नाही.

शिकागोच्या बॅली या पिनबॉल कंपनीचं १९७७ चं ‘एट बॉल’ आणि बॅलीच्याच नावाखाली १९९२ मध्ये आलेलं ‘द ॲडम्स फॅमिली’ शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्याची २०,२३० यंत्रं बनली, दुसऱ्याची २०,२७०. म्हणजे पहिल्याचा निर्मितीचा विक्रम दुसऱ्यानं जेमतेम चाळीस यंत्रांनी मोडला. दुरून दोघांचा माथा सारखाच: खोका, आत दिवे, पुढे रंगीत काच. फरक एवढाच, की एट बॉलचं चित्र काचेवर आहे आणि ॲडम्सचं काचेमागे.

एट बॉलची ती खरी बॅकग्लास. काचेच्या मागच्या बाजूला स्क्रीन प्रिंटिंगनं एकेक शाई चढवलेली, तीही उलट्या क्रमानं. समोरून जे सगळ्यांत वर दिसायला हवं ते आधी छापायचं, आणि जिथे प्रकाश अडवायचा तिथला अपारदर्शक थर सगळ्यांत शेवटी. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली जुनी काचचित्रं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. त्या चित्रांचं दुखणंही हेच: रंग काचेत मुरत नाही, तिला नुसता धरून बसलेला असतो.

त्यात मागे बल्बांची रांग. जुन्या यंत्रांतला ४४ क्रमांकाचा छोटा बल्ब ६.३ व्होल्टवर पाव अँपिअर खातो, म्हणजे दीड वॅटच्या थोडा वर. एकट्याचं काही नाही, पण बंद खोक्यात असे डझनावारी असतात. दिवे लागले की काच तापते, विझले की निवते, आणि काच व शाई सारख्या मापानं फुगत-आकसत नाहीत. वर्षानुवर्षांनी पकड सुटते, भेगा पडतात, पोपडे धरतात. दमट तळघरात हे आणखी लवकर होतं.

म्हणून बॅकग्लासची पुढची बाजू खुशाल पुसा, ती साधी काचच आहे. फक्त काच पुसायचं द्रव्य फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. ओघळ कडेवरून मागे झिरपतो. मागच्या बाजूला पाणी नाही, साबण नाही, स्पिरिट तर नाहीच. रंग घट्ट असेल तर कोरडा मऊ ब्रश हलक्या हातानं फिरवायचा. पोपडे सुटू लागले असतील तर तोही नको. धूळ बसली तर बसू दे. काही जण सुटू पाहणारा रंग धरून ठेवायला मागून क्रायलॉनचा ट्रिपल थिक हा पारदर्शक स्प्रे मारतात, पातळ हात देत देत. एकदा मारला की तो परत निघत नाही, त्यामुळे रंग जागेवर असताना मी त्या वाटेला जाणार नाही. चित्रात आरशासारखा चंदेरी भाग असेल तर तिथे तो मुळीच नको. त्यापेक्षा बल्ब बदला. ४७ क्रमांकाचा ०.१५ अँपिअरवर भागतो, एलईडी त्याहूनही गार.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून कारखाने ट्रान्सलाइटकडे वळले: अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर छापलेलं चित्र, पुढे कोरी काच, दोन्ही कडांच्या प्लास्टिक पट्ट्यांत अडकवलेली. ॲडम्सचं चित्र हे असं. इथे पट्ट्या काढून काच वेगळी केली की ती साबणाच्या पाण्यानं दोन्हीकडून धुता येते. एट बॉलच्या काचेचा याच अंघोळीत निकाल लागेल. पत्र्याला मात्र कोरडं मायक्रोफायबर फडकंच पुरे. घासू नका, ओरखडा उजेडात लगेच दिसतो.

ट्रान्सलाइटचे पोपडे निघत नाहीत, तो विटतो. खिडकीतलं ऊन त्याचा खरा शत्रू. लाल छटा आधी जातात आणि चित्र निळसर, आजारी दिसू लागतं. २०००च्या दशकातल्या स्टर्न या कंपनीच्या यंत्रांत मागे ट्यूबलाइट आहे, तिथे नळीवर अतिनील किरण अडवणारं आवरण घालणं शहाणपणाचं.

ओळखायचं कसं? किल्लीनं कुलूप उघडा, काच वर उचलून खालची कड बाहेर घ्या आणि उभी धरूनच कडेकडे पाहा. पट्टीत काचेला लागून वेगळा पत्रा दिसला तर ट्रान्सलाइट. नखानं खरवडून खात्री करायची नाही; ती बॅकग्लास निघाली तर खात्री फार महागात पडते.

कारण विटलेला ट्रान्सलाइट काढून नवा छापील बसवता येतो, जुना सपाट जपून ठेवता येतो. बॅकग्लासच्या नव्या प्रती काही लोकप्रिय यंत्रांच्याच मिळतात, आणि काच धाडायची म्हणजे जिवाला घोर. डागडुजी मागून ब्रशनं करता येते, पण दिवा बंद असताना हुबेहूब जुळलेला रंग दिवा लागताच काळा ठिपका होऊन उठतो, कारण तो मूळ शाईइतका प्रकाश सोडत नाही. जाणकार म्हणूनच मागे दिवा लावून, पुढे आरसा ठेवून रंग भरतात.