प्राणवायू, श्वासाचा वेग आणि लोणावळ्याचे जुने प्रयोग

प्राणायामाच्या वर्गात आजही हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, खोल श्वास घ्या, शरीराला जास्त प्राणवायू मिळेल. हा दावा लोणावळ्याच्या एका प्रयोगशाळेत तपासला गेला आणि मागे पडला, त्याला नव्वद वर्षं होऊन गेली. श्वासाचा शरीर-मनावर नेमका परिणाम कशामुळे होतो, याबद्दल आज जे वाद चालले आहेत त्यांची सुरुवात त्या कामात सापडते.

त्याआधीचा काळ थोडक्यात. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या योगग्रंथात आठ कुंभक, म्हणजे श्वास रोखण्याचे प्रकार, सांगितले आहेत आणि सगळा भर श्वास रोखण्यावर आहे. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळ्यांचं दुखणं मागे लागतं, असा स्पष्ट इशाराही तिथेच आहे. मुंज झालेला मुलगा संध्येत पहिली दोन बोटं मिटून, अंगठ्याने उजवी आणि अनामिकेने डावी नाकपुडी दाबायला शिकायचा, ते उपासनेचं अंग म्हणून. रक्तदाब किंवा झोप यांच्याशी त्याचा संबंध कुणी लावत नव्हतं.

१९२४ मध्ये लोणावळ्यात एक संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी तिचं त्रैमासिक सुरू झालं. संस्थापक त्याआधी खानदेशात, अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयात होते. योगातले दावे क्ष-किरण, दाबमापक आणि रासायनिक विश्लेषण यांच्या कसोटीला लावायचे, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी पाश्चात्त्य देशांत दीर्घश्वसनाच्या व्यायामांचा बोलबाला होता आणि त्यांचं समर्थन प्राणवायूच्या भाषेतच केलं जात होतं. प्राणायामही त्याच रांगेत बसवणं सोपं होतं. लोणावळ्यात १९३० च्या सुमारास श्वसनातल्या वायूंची मोजमापं झाली आणि निष्कर्ष उलटा आला. सावकाश, लांबवलेल्या, रोखलेल्या श्वसनात ठरावीक वेळात शरीर घेत असलेला प्राणवायू नेहमीच्या श्वसनापेक्षा वाढत नाही. प्राणायामाचं मोल त्यांनी दुसरीकडे दाखवलं: छाती आणि पोटातल्या दाबांच्या बदलात, आणि त्यातून मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात.

शरीरशास्त्राने या भूमिकेला पुढे बळच दिलं. निरोगी माणसाच्या धमन्यांतल्या रक्तात हिमोग्लोबिन साध्या श्वासावरच ९५ ते १०० टक्के प्राणवायूने भरलेलं असतं. करोनाकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर हे सगळ्यांनी पाहिलंच. मुळात भरलेल्यात आणखी भरणार काय? झपाट्याने श्वास मारत राहिलं तर बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. तो रक्तातून कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. वेगाने केलेल्या भस्त्रिकेनंतरच्या, म्हणजे भात्यासारख्या जोरदार श्वसनानंतरच्या, त्या हलकेपणाला ‘प्राणवायू मिळाला’ म्हणणं म्हणजे कारण पार उलटं सांगणं आहे.

मग सावकाश श्वासाने होतं काय? श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. दुसरीकडे, रक्तदाब सावरणारी शरीराची स्वयंचलित यंत्रणा साधारण दहा सेकंदांच्या लयीत काम करते. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, तेव्हा या दोन लयी जुळत नाहीत. श्वास मिनिटाला सहावर आला की जुळतात आणि ठोक्यांतला चढउतार ठळक होतो. २००१ मध्ये इटलीत झालेल्या एका अभ्यासात लोकांकडून जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी यंत्रणा अधिक तत्पर झाली. लोणावळ्याने ज्या दिशेला बोट दाखवलं होतं, त्या दिशेचा हा मला सर्वांत सुंदर वाटणारा पुरावा.

एवढं हाताशी असताना २०१३ मध्ये एक निर्णय झाला, आणि या विषयावरची आजची गोंधळलेली चर्चा बरीचशी त्यातून आली आहे. अमेरिकेतल्या हृदयरोगविषयक एका मोठ्या संघटनेने रक्तदाब कमी करण्याच्या औषधाविना उपायांची प्रतवारी जाहीर केली. त्यात उपकरणाच्या मदतीने केलेल्या मंद श्वसनाला बऱ्यापैकी वरची प्रत मिळाली: रुग्णाला सुचवणं वाजवी. योगाला मिळाली सर्वांत खालची: सध्या या कारणासाठी शिफारस करू नये.

ते उपकरण काय होतं, हे पाहिलं म्हणजे या निर्णयातली अडचण कळते. छातीला किंवा पोटाला एक पट्टा बांधायचा, कानात हेडफोन घालायचे. पट्टा श्वासाचा वेग टिपतो. हेडफोनमध्ये दोन सूर वाजतात, एक घेण्याचा, एक सोडण्याचा. सोडण्याचा सूर हळूहळू लांबत जातो आणि सुरांमागे जाता जाता श्वास मिनिटाला दहाच्या खाली येतो. दिवसाला पंधरा मिनिटं. अमेरिकेत २००२ पासून ते डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळत होतं. पूरकापेक्षा (श्वास घेण्यापेक्षा) रेचक (श्वास सोडणं) लांब ठेवा, हे आपल्याकडचा कुठलाही योगशिक्षक पहिल्या आठवड्यात सांगतो. इथे ते काम सूर करत होते.

समितीचा युक्तिवाद समजण्यासारखा होता. उपकरणावरच्या चाचण्यांत मात्रा ठरलेली होती: किती मिनिटं, किती वेग, तुलनेला कोण. योगावरच्या चाचण्या बहुतेक लहान, आणि त्यांत आसनं, ध्यान, आहार, श्वसन असं सगळं एकत्र. गुण आला तर तो कशाचा, हे सांगता येत नव्हतं. पुरावा अपुरा असताना शिफारस न करणं ही शिस्त आहे आणि ती पाळायलाच हवी. पण प्रतवारी करताना समितीने श्वासाचा वेग न पाहता त्याभोवतीचं वेष्टन पाहिलं, असं माझं ठाम मत आहे. एकच क्रिया पट्ट्यासह वरच्या रकान्यात गेली आणि पट्ट्याविना खालच्या. बातम्यांमधून लोकांपर्यंत पोचलं ते इतकंच, की योगाने रक्तदाबाला काही होत नाही. समिती तसं म्हणाली नव्हती.

वरच्या रकान्याचा आधारही फार पक्का नव्हता. आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, त्या उपकरणावरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. निर्मात्यांचा सहभाग किंवा पैसा असलेल्या चाचण्या बाजूला काढल्या, तेव्हा परिणाम दिसेनासा झाला. म्हणजे योगाला जी कडक फूटपट्टी लावली, ती उपकरणाला पुरती लावली गेली नाही. आपल्याकडच्यांनी यातून घ्यायचा बोध मात्र सोयीचा नाही: मंद श्वसनाने रक्तदाब कायमचा उतरतो, हे उपकरणानेही सिद्ध झालेलं नाही. गोळ्या बंद करून प्राणायामावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गोळ्या बंद करण्याच्या सल्ल्यापायी माणसं पक्षाघाताच्या तोंडी जाऊ शकतात.

मनाच्या बाजूचं संशोधन उशिरा आलं, पण गेल्या पंचवीस वर्षांत तेच पुढे आहे. २००० मध्ये बेंगळुरूत रुग्णालयात दाखल असलेल्या तीव्र नैराश्याच्या ४५ रुग्णांवर विजेचे उपचार, एक जुनं औषध आणि एक लयबद्ध श्वसनक्रिया यांची तुलना झाली. विजेचे उपचार सर्वांत प्रभावी ठरले; श्वसनक्रिया औषधाच्या जवळपास आली. ४५ हा आकडा लहान आहे, हे विसरून चालणार नाही. २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूत श्वासाची लय ठरवणाऱ्या भागातल्या मोजक्या पेशी सापडल्या, ज्या सतर्कतेच्या केंद्राला खबर देतात. त्या काढून टाकल्यावर उंदीर विलक्षण शांत झाले. श्वास मंद केला की मन का निवतं, याचा एक प्रत्यक्ष मार्ग त्यामुळे हाती आला.

२०२३ मध्ये दोन चाचण्या आल्या आणि चित्र पुन्हा गुंतलं. पहिलीत रोज पाच मिनिटं, महिनाभर, दोनदा श्वास आत घेऊन लांब सुस्कारा सोडणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. दुसरीत चारशे लोक होते. निम्म्यांनी मिनिटाला साडेपाच श्वासांची लय पाळली, निम्म्यांनी बाराची, आणि कोणती लय ‘खरी’ हे त्यांना सांगितलं नव्हतं. चार आठवड्यांनी ताण, चिंता, नैराश्य यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. सहाच्या आकड्यावर विसंबलेल्यांना, माझ्यासकट, हा निकाल पचवावा लागेल. पण बारावाला गटही रोज दहा मिनिटं बसून, घड्याळी लयीवर, लक्ष देऊनच श्वास घेत होता. गुण वेगाचा की लक्ष देण्याचा, हे वेगळं काढायचं तर तिसरा गट हवा: तितकाच वेळ स्वस्थ बसणारा, पण श्वासाकडे मुळीच न पाहणारा. त्या चाचणीत असा गट नव्हता.