राजवाड्यातली लाल ओढणी काळी का दिसते?

आईच्या हळदी रंगाच्या, निळ्या काठांच्या लुगड्याचा परवा फोनवर फोटो काढला. एडिटिंग ॲपमध्ये लाल आणि हिरवा हे दोन चॅनेल बंद केले, फक्त निळा ठेवला आणि चित्र कृष्णधवल केलं. हळदीचा पिवळा काजळासारखा काळा झाला आणि निळा काठ दुधात बुडवल्यासारखा पांढरट. रोज डोळ्यांसमोर असलेलं लुगडं मला ओळखू येईना.

हा खटाटोप केला तो एका व्हॉट्सॲप फॉरवर्डमुळे. जयपूरच्या जनान्यातल्या एका स्त्रीचा दीडशे वर्षांपूर्वीचा फोटो 'खऱ्या रंगांत' म्हणून आला होता. सॉफ्टवेअरनं तिची ओढणी काळपट तपकिरी रंगवली होती. जुन्या कृष्णधवल फोटोतला गडद भाग म्हणजे मुळातला गडद रंग, असं आपण सगळेच धरून चालतो. तिथेच चूक होते.

जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे (निधन १८८०) स्वतः कॅमेरा चालवत. पडद्यात राहणाऱ्या जनान्यातल्या बायका त्यांनी गालिच्यावर, खुर्चीवर बसवून, मागे रंगवलेला पडदा लावून टिपल्या. बाहेरच्या कुणाला तिथे पाऊल टाकता येत नव्हतं, तेव्हा फोटो काचेवर उतरत, म्हणून या काचांचं मोल फार मोठं आहे. इकडे मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते. तिकडे विंडसरला १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट ज्या खोलीत वारले, तिचे फोटो राणीनं काढून घेतले आणि खोली तशीच ठेवायला लावली. राजघरांना आपली घरं काचेवर उतरवून ठेवायची ओढ लागली होती.

पण ती काच रंगांच्या बाबतीत अर्धी आंधळी होती. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये जाहीर केलेली ओल्या काचेची रीत अशी: गनकॉटन (आम्लांची प्रक्रिया केलेला कापूस) ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, म्हणजे कलोडियन नावाचं चिकट द्रावण तयार होतं. त्यात आयोडाइड मिसळायचं, काचेवर ओतून पातळ थर पसरवायचा आणि काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. थरात सिल्व्हर आयोडाइडचे बारीक स्फटिक तयार होतात. मग काच ओली असतानाच फोटो काढायचा आणि ती सुकायच्या आत डेव्हलप करायची, म्हणजे रसायनानं चित्र उमटवायचं. हातात मिनिटं जेमतेम दहा-पंधरा.

या स्फटिकातला इलेक्ट्रॉन सुटा व्हायला सुमारे २.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा लागते. ती एकाच फोटॉनकडून, म्हणजे प्रकाशाच्या एकाच कणाकडून, मिळावी लागते. ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या फोटॉनमध्ये २.९५ असते, काम होतं. ५८० नॅनोमीटरच्या पिवळ्यात २.१४, ६५० च्या लालमध्ये फक्त १.९. उंच फांदीवरची कैरी पाडायची आहे आणि दगड अर्ध्यापर्यंतच पोचतोय, तर शंभर दगड मारूनही कैरी पडत नाही. तसंच लाल प्रकाश तासभर पडला तरी काचेला पत्ता लागत नाही. सुटलेला इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनाला मिळतो आणि चांदीचा अणू होतो. असे मोजके अणू एकत्र आले की डेव्हलपरमध्ये त्या ठिपक्यावर आणखी चांदी साचत जाते. जिथे ठिपकाच नाही तिथे काच कोरी राहते आणि छापल्यावर तो भाग काळा येतो. कुंकू काळं, हळद काळी, लाल मखमल काळी. निळं आकाश मात्र पांढरं.

आतल्या खोल्यांत अडचण दुप्पट. झुंबर पेटवलं तर डोळ्यांना लखलखाट, पण मेणबत्तीच्या उजेडात निळा भाग इतका कमी, की काचेच्या दृष्टीनं दालनात जवळजवळ अंधारच. मग खिडकीच्या उजेडावर विसंबून लेन्स बराच वेळ उघडी ठेवावी लागे. मध्येच क्षणभर थांबून निघून गेलेला माणूस धूसर, आरपार दिसतो. अशा फोटोंवर 'राजवाड्यातलं भूत' लिहून ते फिरवणाऱ्यांनी लेन्स किती वेळ उघडी होती एवढं एकदा विचारावं.

१८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना आढळलं, की थरात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर काच हिरवा-पिवळाही टिपते. रंगद्रव्य तो प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन स्फटिकाला देतं. लाल टिपणाऱ्या काचा बाजारात यायला विसावं शतक उजाडलं.

म्हणून जुन्या दालनाचा जीर्णोद्धार करताना फोटोतून नक्षी कळते, झालर कुठे होती ते कळतं, खुर्चीच्या पाठीवरचं कोरीव काम तर अगदी लख्ख दिसतं. रंगासाठी मात्र भिंतीवरचे थर खरवडावे लागतात, जुन्या कापडाची शिवण उसवून आतला न विटलेला धागा पाहावा लागतो. जनान्यातल्या त्या स्त्रीची ओढणी लाल होती, केशरी होती की खरोखरच काळी, ही माहिती काचेवर उतरलीच नव्हती. सॉफ्टवेअर ती आणणार कुठून?